भिंतीपलीकडचे ठोके

आमच्या कॉलनीत सध्या कोणाकडे कोण आलं याची चौकशी कमी आणि कोणाच्या मनगटावर काय आलं याची जास्त. साताऱ्याचा पाऊस एकदा बसला की यवतेश्वरच्या घाटात पहाटे फिरणारी मंडळी घरात अडकतात, आणि घरात अडकलेला माणूस व्यायामाच्या नावाखाली काहीतरी विकत घेतो. २०१२ साली इथली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून तर ज्यांना आयुष्यात पळायचं नाही त्यांच्याही हातात पळणाऱ्यांची घड्याळं दिसतात. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी ट्रेडमिल घेतली. गेल्या पावसाळ्यात तिच्यावर टॉवेल वाळत होते, यंदा मास्तर स्वतः चढतात, म्हणजे प्रगती आहे. त्यांच्या शेजारच्या घरातली धाकटी सून वरच्या मजल्यावर मोबाइल समोर ठेवून उड्या मारते. सासूबाई खाली बसून म्हणतात, "छताचं प्लास्टर पडेल एक दिवस, पण हिचं वजन काही पडायचं नाही." (त्यांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. पुढे जाऊ देऊ नका.)

आणि शेजारच्या वहिनी. त्यांची-आमची कंपाउंडची भिंत एकच. तिच्यावरून माझ्याकडचा कढीपत्ता तिकडे जातो आणि तिकडच्या बातम्या इकडे येतात. परवा मात्र बातमीऐवजी प्रश्न आला.

"ताई, तुमची सगळी नोकरी ईसीजी काढण्यात गेली ना? मग एक सांगा. आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून घरात ती व्यायामाची सायकल आणलीय. डॉक्टर म्हणाले, चालवा, पण बेतानं. आता पुण्याहून मुलाचा फोन. म्हणतो, आई, ठोके मोजायचं काहीतरी पाठवतो, घड्याळ पाठवू की छातीचा पट्टा? मी म्हटलं, थांब, भिंतीवर विचारून सांगते."

"सायकल कोण चालवतं? भाऊजी की तुम्ही?"

"सकाळी हे. दुपारी मी. आणि मी नुसती सायकल नाही हो, ते मोबाइलवर बघून हात वर, पाय वर, जागच्या जागी धावणं, तेपण करते. आता हसू नका."

"हसत नाही. पण मग दोघांचं उत्तर एक नाही."

वहिनींनी ओट्यावरचं काम तसंच सोडलं आणि कोपर भिंतीवर टेकलं. कोपर टेकलं की तासाभराची निश्चिंती.

"बघा," मी म्हटलं, "या घड्याळ-पट्ट्यांचे ठोके मोजायचे मार्ग दोनच. एक उजेडाचा, एक विजेचा. बाकी सगळा रंग, डबी आणि किमतीचा खेळ. घड्याळ उलटं केलं की मागं हिरवा दिवा लुकलुकतो, पाहिलाय?"

"पाहिलाय, ह्यांच्या घड्याळाला. मला वाटलं चार्जिंगचा."

"छे. तेच त्याचं डोकं. रक्त हिरवा उजेड पिऊन टाकतं. प्रत्येक ठोक्याला मनगटाच्या बारीक वाहिन्यांत रक्त जरासं वाढतं, तेवढा परत येणारा उजेड कमी होतो. मग ओसरतं, उजेड वाढतो. ही चढउतार मोजून घड्याळ आकडा दाखवतं. युक्ती आजची नाही. अमेरिकेत हर्ट्झमन नावाच्या शास्त्रज्ञानं १९३७-३८ च्या सुमाराला असं उजेडानं रक्ताचं भरणं मोजून दाखवलं होतं."

"म्हणजे ते ठोके मोजतच नाही? उजेड मोजतं?"

"उजेड मोजतं आणि ठोक्यांचा अंदाज बांधतं."

"मग आपल्याकडं कोविडमध्ये घेतलेला बोटाचा चिमटा आहे की! त्यात पण आकडा येतो. मुलाचे पैसे वाचले."

वहिनींचा हा स्वभाव मला आवडतो. नवीन वस्तू घ्यायच्या आधी कपाटातल्या जुनीला एक संधी देतात. पण चिमट्याचं तसं नाही. तोही उजेडावरच चालतो, फक्त लाल आणि अवरक्त. १९७४ मध्ये जपानमध्ये ताकुओ आओयागी या अभियंत्यानं त्याची मूळ कल्पना मांडली. आणि योग कसा बघा, हे गृहस्थ गेले एप्रिल २०२० मध्ये, नेमकं सगळं जग त्यांचं यंत्र बोटाला लावून बसलं होतं तेव्हा. मी वहिनींना एवढं सांगितलं, त्यांनी मनात हात जोडले असावेत, कारण क्षणभर गप्प झाल्या. पण ते यंत्र निजलेल्या किंवा बसलेल्या माणसासाठी. सायकलच्या दांड्यावर हात हलला की आकडा हलला. व्यायाम संपवून खुर्चीत बसल्यावर लावायचं तर खुशाल लावा.

"मग घड्याळसुद्धा हलल्यावर चुकणारच की."

"तेच तर. तुमच्या पुण्याच्या नणंदेचं काय झालं होतं मागं?"

वहिनींचे डोळे चमकले. नणंदेचा विषय निघाला की त्या अर्ध्या पायरीवर चढून बोलतात. नणंदबाई घरातल्या घरात हॉलमध्ये चकरा मारत होत्या, कानाला फोन, भावजयीला (म्हणजे वहिनींनाच) गणपतीच्या जेवणावळीवरून सुनावणं चालू, आणि मध्येच किंचाळल्या, "अगं, माझे ठोके एकशेअडुसष्ट!" वहिनी म्हणे मनात म्हणाल्या, एवढं बोलल्यावर होणारच.

पण एकशेअडुसष्ट ठोक्यांवर माणसाला असं सलग, पूर्णविराम न घेता बोलता येत नाही. नणंदबाईंचं काळीज धडधाकट होतं, घड्याळ फसलं होतं. भरभर चालताना किंवा पळताना हात एका ठेक्यात हलतो, पाऊल एका ठेक्यात पडतं. मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे पावलं सहज होतात. घड्याळ सैल असलं की या हालचालीचा ठेका उजेडात मिसळतो आणि सेन्सर पावलांनाच ठोके समजून बसतो. पळणाऱ्या मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. आकडा एकाच ठिकाणी चिकटून बसला, थांबल्यावर एकदम धाडकन खाली आला, तर समजायचं की यंत्र पायाची पावलं मोजत होतं.

"त्यांना सांगू का हे?"

"सांगा. पण त्यांचं घड्याळ मनगटाच्या हाडावर असतं, तेही सांगा. हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला एखाद-दोन बोटं सरकवायचं, आणि व्यायामापुरतं जरा घट्ट करायचं. त्यांच्या हातात बांगड्यापण असतात ना डझनभर?"

"श्रावणात तर विचारूच नका."

श्रावणावरून मंगळागौर निघाली. गेल्या वर्षी उड्यावाल्या सुनेच्या मंगळागौरीला मी होते. फुगड्या, झिम्मा, पिंगा, पहाटेपर्यंत. तिच्या मैत्रिणींच्या हातात घड्याळं, आणि प्रत्येकीचा आकडा वेगळाच काहीतरी. एकीचा फुगडीत ब्याण्णव! फुगडीत ब्याण्णव ठोके फक्त बघणारीचे असतात. कारण असं की फुगडीत मूठ गच्च आवळलेली, मनगट ताणलेलं. मूठ आवळली, मनगट वाकलं की तिथलं रक्ताचं येणंजाणं आणि स्नायूंची हालचाल दोन्ही बदलतात आणि हिरव्या दिव्याला काही उमगत नाही. सूर्यनमस्कारात हात जमिनीवर टेकले की तेच, डंबेल उचलताना तेच, सायकलचा दांडा घट्ट धरला की थोडंफार तेच. त्यात पावसाळी गारठ्यात हात थंड पडलेले असतील तर कातडीजवळ रक्तच कमी. गडद गोंदण असेल तर शाई उजेड अडवते.

"म्हणजे घड्याळ वाईटच."

"वाईट नाही. शांत, एका गतीनं सायकल चालवणाऱ्याला, चालणाऱ्याला पुरतं. भाऊजींसारख्यांना. तुमच्यासारखं अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट दम खाणं असलं की त्याचं वरातीमागून घोडं. तुम्ही उड्या थांबवून पाणी प्यायला बसता, तेव्हा ते उड्यांचा आकडा दाखवतं."

अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये पन्नास धडधाकट माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून हे तपासलं होतं. अंगावर खरा ईसीजी, छातीवर पट्टा आणि मनगटावर वेगवेगळी घड्याळं. छातीचा पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला, मनगटावरची मंडळी कमीजास्त भरकटली. हे २०१६ च्या सुमाराचं. त्यानंतर घड्याळं सुधारली आहेत, हे मान्य. पण मनगट तेच आहे.

आता छातीचा पट्टा. इथं मी जरा सैल सुटले, कारण हा माझा प्रांत. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्यात विजेची एक लहर जाते. कातडीपर्यंत येता येता ती साधारण एक मिलिव्होल्ट उरते, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. एवढीशी गोष्ट पकडायला दवाखान्यात आम्ही जेली लावायचो, कारण कोरडी कातडी वीज नीट पुढं देत नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत पट्ट्या असतात, ते त्याचे इलेक्ट्रोड. तेही ओले करावे लागतात. नळाखाली धरा, ओल्या बोटांनी पुसा, घाई असेल तर थुंकी लावणारे पळपुटेही मी पाहिलेत. कोरडा बांधला तर पहिली पाच-दहा मिनिटं आकडे वेड्यासारखे उड्या मारतात, मग घाम आला की शहाण्यासारखे वागतात. वरून नायलॉनचा सैल टी-शर्ट फडफडत असेल तर त्याच्या घर्षणाचीही वीज मधे लुडबुड करते.

"हे पण जपानी का?"

"नाही, फिन्लंड." तिथल्या औलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये केम्पेले गावात पोलार ही कंपनी काढली. तिकडं बर्फावर स्की घालून मैलोन्‌मैल पळणारे खेळाडू, त्यांचे ठोके पळतानाच कळावेत ही मूळ गरज. १९८२ मध्ये त्यांनी बिनतारी यंत्र बाजारात आणलं, छातीवर पट्टा आणि मनगटावर आकडा. आज इतर कितीतरी कंपन्या पट्टे करतात, पण रचना मुळात तीच.

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण ताई, तो बांधायचा कुठं? साडीवरून?"

"साडीवरून कसा चालेल? कातडीला लागला पाहिजे. छातीच्या खाली, बरगड्यांवर, आतल्या कपड्याच्या पट्टीखाली सरकवायचा. घट्ट, पण श्वास अडणार नाही इतका. व्यायामाला ड्रेस घालताच की तुम्ही."

"घालते. पण हे समोर असले की..."

"तीस वर्षं झाली लग्नाला!"

"तुम्हाला नाही कळायचं."

ठीक आहे. ज्यांना छातीला पट्टा आवळायचा संकोच आहे, ज्यांना तिथं घामोळं येतं, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा पट्टा. चालतो उजेडावरच, पण दंड मनगटासारखा वळत-वाकत नाही, तिथं मांसल भाग असतो, बांगड्या नसतात, आणि इलास्टिकमुळं तो हलत नाही. मनगटापेक्षा पुष्कळ सरळ वागतो. चार्जिंग मात्र त्याला करावं लागतं. छातीच्या पट्ट्याला बहुधा बटणासारखा सेल असतो, तो कित्येक महिने जातो.

इतक्यात कोपऱ्यावरचे मास्तर छत्री घेऊन रस्त्यानं गेले. आम्ही दोघी गप्प झालो, ते वळल्यावर एकदम हसलो. कारण मास्तरांची गोष्ट कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे आणि मास्तरांना वाटतं कोणालाच माहीत नाही.

मास्तर बहात्तर वर्षांचे. त्यांनी छातीचा पट्टा मागवला. पार्सल आलं, त्यांनी खुर्चीत बसून फोनमध्ये ॲप घातलं आणि "जवळचा सेन्सर शोधा" हे बटण दाबलं. पट्टा अजून खोक्यात. फोननं सेन्सर शोधला आणि पडद्यावर आकडा आला: १५८. मास्तर गणिताचे. २२० वजा वय, म्हणजे आपली कमाल १४८, हे त्यांनी आधीच वहीत मांडून ठेवलेलं. बसल्या जागी कमालीच्या वर दहा! त्यांनी शांतपणे स्वच्छ सदरा घातला, तपासण्यांची फाइल काढली, पत्नीला लॉकरची किल्ली कुठं आहे ते सांगितलं आणि रिक्षा बोलावली. त्यांच्या पत्नीनं रिक्षाच्या आधी मला बोलावलं, ही त्यांची हुशारी.

मी गेले आणि आधी मनगटावर तीन बोटं ठेवली. पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं. एकोणीस लागले, म्हणजे शहात्तर. पडद्यावर मात्र अजून १५६. तेवढ्यात शेजारच्या वरच्या मजल्यावरची धडधड थांबली आणि आकडा उतरायला लागला: १४०, १२८, ११७. पुन्हा धडधड सुरू, पुन्हा आकडा वर. मास्तर आणि मी दोघांनी एकदम छताकडं पाहिलं.

तर झालं असं की बरेचसे पट्टे ब्लूटूथवरून आपण इथं आहोत असं आजूबाजूला सांगत सुटतात, आणि जो फोन आधी जोडेल त्याला ठोके देतात. सून त्या दिवशी पट्टा बांधून उड्या मारत होती, पण तिनं तो स्वतःच्या फोनला जोडलाच नव्हता. मास्तरांच्या ॲपला पहिला तो सापडला आणि त्यानं तोच धरला. मधे एक भिंत असली तरी दहाएक मीटर अंतर त्या लहरींना जड नाही. तेव्हा पहिल्यांदा जोडताना पट्ट्याच्या मागं छापलेला क्रमांक आणि फोनवर दिसणारा क्रमांक एकच आहे ना, हे बघायचं. आणि एक बजावून ठेवते: बसल्या जागी खरंच असा आकडा आला, बोटांनीही तेवढाच लागला, किंवा छातीत दुखतंय, चक्कर येतेय असं असलं, तर शेजारणीला बोलवायचं नाही, रिक्षाच बोलवायची.

"सासूबाईंना कळलं का, सुनेचे ठोके मास्तरांच्या फोनवर गेले ते?"

"तुम्ही सांगितलं नसेल तर नाही."

वहिनींनी यावर काही उत्तर दिलं नाही.

"बरं, ते २२० वजा वय," त्या घाईनं म्हणाल्या, "ते खरं का?"

ढोबळ आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या काही अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले आणि त्यांतून साधारण अशी रेषा दिसते असं लिहिलं. सोपं होतं, तोंडात बसलं, जिमच्या भिंतीवर लागलं. २००१ मध्ये तानाका यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या सात-दशांश असं सूत्र दिलं. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांनी शिकागोतल्या पाच हजारांवर स्त्रियांच्या ट्रेडमिल तपासण्या पाहून खास स्त्रियांसाठी सूत्र काढलं: २०६ वजा वय गुणिले ०.८८. वहिनी छप्पन्नच्या. भिंतीवरच्या धुळीत बोटानं हिशेब मांडला. पहिल्या सूत्रानं कमाल १६४, दुसऱ्यानं १६९, तिसऱ्यानं १५७.

"अहो, यात माझी कुठली?"

"यांतली कुठलीही असेल, कदाचित एकही नसेल. एकाच वयाच्या दोन बायकांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणून आकड्याला कुंपण म्हणून बघायचं, लक्ष्मणरेषा म्हणून नाही. मध्यम व्यायाम म्हणजे कमालीच्या ६४ ते ७६ टक्के. १६४ धरले तर १०५ ते १२५. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं असा व्यायाम सांगते. तुम्ही त्या आकड्यांत राहिलात, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही असा दम लागला, की ठीक चाललंय."

आतून भाऊजींचा आवाज आला. त्यांना आपल्याबद्दल काही चाललंय हे कसं कळतं कोण जाणे. ते भिंतीशी आले. "आणि मला काय? मी ५९. माझं १६१ वजा की काय ते?"

"भाऊजी, तुमच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल आहे ना?"

"आहे. सकाळी अर्धी."

मग हे सगळं गणित त्यांच्यासाठी बंद. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांचं कामच ठोके दाबून ठेवणं. भाऊजी घामाघूम होईपर्यंत सायकल मारतील आणि यंत्र म्हणेल ९८, अजून जोर लावा. हा सल्ला ऐकणं धोक्याचं. वयाच्या सूत्रांना या गोळ्या माहीत नाहीत, आणि घड्याळात वय विचारतात, गोळी विचारत नाहीत. अशा माणसाची मर्यादा डॉक्टरनी सांगावी. गोळी चालू ठेवूनच टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची तपासणी, काढली असेल तर त्या कागदावर भाऊजींचा स्वतःचा आकडा सापडतो, आणि डॉक्टर त्यावरून किती ते ठरवतात. शिवाय दम किती लागतोय ते स्वतःलाच विचारायची सवय हवी. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी सहा ते वीस अशी मोजपट्टी केली. सहा म्हणजे निवांत बसलेलं, वीस म्हणजे आता एक पाऊलही नाही. ती सहापासून का, तर दहानं गुणलं की धडधाकट तरुणाचे ठोके साधारण तेवढे येतात म्हणून. भाऊजींना ते गुणिले दहा लागू नाही, पण मोजपट्टी लागू आहे. बारा-तेरावर, म्हणजे "जरा अवघड वाटतंय" इथं सायकल ठेवायला बहुतेक डॉक्टर सांगतात. त्यांच्या डॉक्टरनी काय सांगितलं ते त्यांनी पुन्हा विचारून घ्यावं. पेसमेकर असलेल्यांनी, ठोके अनियमित पडणाऱ्यांनीही हेच. अनियमित ठोक्यांवर उजेडाचं यंत्र हमखास अडखळतं.

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांना आकडा हवा होता. पुरुषांना आकडा लागतो, क्रिकेटमुळं असेल.

"मग माझ्या घड्याळात कॅलरी तरी बघतो," ते म्हणाले. "काल तीनशेदहा जाळल्या. म्हणून तर दोन कंदी पेढे..."

वहिनींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की पेढ्यांची ही बातमी त्यांना आत्ताच कळली हे उघड होतं. मी आगीत तेल ओतलं. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोक्यांत सातांपैकी सहा बऱ्यापैकी निघाली, पाच टक्क्यांच्या आत चूक. कॅलरींत एकही नाही. त्यातल्या त्यात बऱ्या यंत्राची चूक सरासरी सत्तावीस टक्के, सगळ्यात वाईटाची नव्वदच्या वर. घड्याळातल्या कॅलरींवर पेढे खाणाऱ्यानं निदान अर्धा पेढा परत ठेवावा. भाऊजी आत गेले. आत डबा उघडल्याचा आवाज आला नाही, हे वहिनींनी कान देऊन खात्री करून घेतलं.

"मग मुलाला काय सांगू? थोडक्यात सांगा, भाजी करपेल."

थोडक्यात बोलणं भिंतीवर जमत नाही, पण सांगितलं. भाऊजींच्या हातात आहे ते घड्याळ राहू दे, सायकलला पुरे, फक्त हाडाच्या वर बांधा. तुम्हाला उड्या मारायच्यात, तर छातीचा पट्टा. संकोच सुटत नसेल तर दंडाचा. ब्लूटूथ असलेलाच घ्या, कारण फोनला तेच कळतं. अँट प्लस नावाची दुसरी पद्धत पळणाऱ्यांच्या घड्याळांना आणि सायकलच्या मीटरला लागते, ती सोबत असली तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पट्टा सेन्सरच्या डबीपासून सुटा होणारा हवा, म्हणजे धुता येतो. घामाचं मीठ साचलं की पट्टा वर्षभरात कामातून जातो. प्रत्येक वेळी नुसता पाण्यानं खळबळायचा, अधूनमधून साबणानं, आणि वाळवताना डबी काढून ठेवायची, नाहीतर ओल्या पट्ट्यावर ती आपण बांधलंय असं समजून सेल संपवत बसते. पट्टा वेगळा विकत मिळतो का, हेही आधी बघा. डबी टिकते, इलास्टिक आधी जातं. नावाजलेल्या कंपनीचाच पाहिजे असं नाही. साधा पट्टा दोन-तीन हजारांत मिळतो, नावाजलेला त्याच्या दुपटी-तिपटीनं. घरातल्या उड्यांना साधा चालतो. वरचे पैसे गुलाबी रंगाला आणि खोक्याला द्यायचे असतील तर तुमची मर्जी.

"गुलाबी मिळतो?" वहिनी म्हणाल्या.

"आधी फोनवर मुलाला एवढंच विचारायला सांगा की सेल कुठला बसतो. काहींना सीआर २०२५ लागतो, काहींना सीआर २०३२. दिसायला एकाच मापाचे, पण २०२५ अडीच मिलिमीटर जाड आणि २०३२ तीन पूर्णांक दोन. पातळाच्या जागी जाड कोंबला तर झाकण बसत नाही. डबीच्या मागं लिहिलेलं असतं. सोबत दोन जास्तीचे मागवा, एक मास्तरांना द्या."